आधी सही कुठल्या पानावर आहे ते बघा

भयकथांची सही केलेली, मोजक्या प्रतींची पुस्तकं मी जमवते हे कळलं की लोकांचा पहिला प्रश्न असतो, "किती पैसे घातलेत यात?" आणि दुसरा, "वाचता की नुसती ठेवता?" कोल्हापुरात हे दोन्ही प्रश्न तोंडावर विचारतात, त्यामुळे उत्तरं पाठ झालीत. पहिल्याला मी उत्तर देत नाही. दुसऱ्याला देते: वाचते, पण हात धुऊन आणि चहा लांब ठेवून.

ज्यावर मी तासभर बोलू शकते तो प्रश्न मात्र कोणीच विचारत नाही. ती सही नेमकी कुठल्या पानावर आहे?

आमचा छापखाना आहे. वडिलांनी ट्रेडल मशीनवर सुरू केला, आता ऑफसेट आहे. लग्नपत्रिका, पावती पुस्तकं, संस्थांचे वार्षिक अहवाल, अधूनमधून हौसेचा कवितासंग्रह. त्यामुळे पुस्तक हातात आलं की मी ते आधी वाचत नाही, खालच्या कडेने बघते. फर्मे, म्हणजे एकेका तावाची घडी घालून झालेले पानांचे गठ्ठे, दिसतायत का, शिलाई जुजबंदी आहे की पानं कापून कण्याला नुसता गोंद थापलाय, कापड पुठ्ठ्यावर नीट ओढलंय का. ही खोड घरातलीच. वडील लग्नाच्या जेवणाला गेले तरी आहेराच्या पाकिटांची छपाई उलटून बघायचे.

तर अमेरिकेतून आलेलं पहिलं भारी पुस्तक मी घरी न नेता थेट छापखान्यात आमच्या बाइंडर काकांच्या टेबलावर ठेवलं होतं. काका वडिलांच्या वेळेपासून आहेत. चामड्याचा कणा, वरखाली रेशमी हेडबँड, बाहेर कापडाने मढवलेली पेटी, आत लेखकाची आणि चित्रकाराची सही. काकांनी इंग्रजी अक्षरांकडे ढुंकूनही पाहिलं नाही. सहीचं पान उघडलं, आतल्या कडेवरून अंगठ्याचं नख वरून खाली नेलं, आणि म्हणाले, "ताई, ही सही पुस्तकावर न्हाई केलेली. सही आधी, पुस्तक मागनं."

"कशावरून?"

"कागुद वायला हाय बगा. आन् पान शिलाईत न्हाई. डकीवलंय."

खरंच होतं. आतल्या कडेला दोन-तीन मिलिमीटरची गोंदाची पट्टी, त्यावर हे एकच सुटं पान बसवलेलं. कागद बाकीच्यापेक्षा जाड, आणि ग्रेन, म्हणजे कागदातल्या तंतूंची दिशा, आडवा गेल्यामुळे पान उलटताना किंचित ताठ राहत होतं. काकांना या छंदातली एक ओळ माहीत नव्हती, पण त्यांनी नखाने जे शोधलं तोच या सगळ्या व्यवहाराचा पाया आहे.

हे काम असं चालतं. प्रकाशक सहीची पानं आधी वेगळी छापून घेतो. पाचशे प्रती काढायच्या असतील तर पाचशेहून बरीच जास्त, कारण शाई फिसकटते, पेन अडतं, लेखक कधी चुकून दुसऱ्याच रकान्यात सही ठोकतो. हा गठ्ठा खोक्यात घालून लेखकाकडे जातो. तो आपल्या घरी बसून दिवसच्या दिवस नुसत्या सह्या करतो. खोकं तिथून चित्रकाराकडे, प्रस्तावना लिहिणारा असेल तर त्याच्याकडे, मग परत. तोवर पुस्तकाचा पहिला फर्माही कधीकधी मशीनवर चढलेला नसतो. पुढे काही महिन्यांनी बाइंडर प्रत्येक प्रतीत एकेक पान डकवतो. म्हणजे पेटीत निजवलेलं जे पुस्तक तुम्ही हातमोजे घालून हाताळता, त्याला लेखकाचा हात बहुधा लागलेलाच नसतो. लागलेला असतो एका कागदाला.

हे ऐकून काही जणांचा विरस होतो. माझा झाला नाही. उलट माझा या छंदातला रस तिथूनच वाढला, कारण त्याच पानावर सहीच्या वर किंवा खाली दोन ओळी असतात, आणि मला सहीपेक्षा त्या जास्त आवडतात. ही आवृत्ती इतक्या प्रतींची आहे, त्यातली ही अमुक क्रमांकाची.

गणेश मंडळाचं पावती पुस्तक छापणाऱ्या कोणालाही या ओळीचं वजन कळेल. पावतीवरचा नंबर शोभेसाठी नसतो. मधला एक नंबर गायब असला तर खजिनदाराला उत्तर द्यावं लागतं, आणि एकच नंबर दोनदा पडला तर आम्हाला. नंबरिंग मशीनचं चाक एकदा अडकलं की अख्खा गठ्ठा तपासावा लागतो. क्रमांक टाकलेलं पुस्तक म्हणजे प्रकाशकाने वाचकाला दिलेला हिशेब. आम्ही इतक्याच छापल्या, त्यातल्या इतक्याच विकायला काढल्या, बाकीच्यांचं काय झालं तेही सांगतो. सही खरी आहे की नाही हे तज्ज्ञ बघतील. हिशेब खरा आहे की नाही हे मी बघते.

या हिशेबाची परंपरा भयकथांतच इतकी का रुजली? रहस्यकथांचे, विज्ञानकथांचे संग्राहकही आहेत की. माझं उत्तर असं, की या लेखकांना मोठ्या प्रकाशकांनी दारात उभं केलं नाही, म्हणून वाचकांनाच प्रकाशक व्हावं लागलं. एच. पी. लवक्राफ्ट हा अमेरिकन भयकथाकार १९३७ मध्ये गेला तेव्हा त्याच्या कथा स्वस्त मासिकांत विखुरलेल्या होत्या. ऑगस्ट डर्लेथ आणि डॉनल्ड वॉन्ड्रे या दोन तरुण चाहत्यांनी त्या गोळा करून न्यूयॉर्कच्या प्रकाशकांना दाखवल्या, नकार घेतला, आणि १९३९ मध्ये विस्कॉन्सिनमधल्या सॉक सिटी नावाच्या लहानशा गावातून आर्कम हाउस ही स्वतःची संस्था काढली. पहिलं पुस्तक 'द आउटसायडर अँड अदर्स'. प्रती १,२६८. किंमत ५ डॉलर, आगाऊ पैसे भरणाऱ्यांना साडेतीन. म्हणजे आपली प्रकाशनपूर्व सवलतच. ती घेणारे निघाले जेमतेम दीडशे. डर्लेथने घर बांधायला बँकेतून काढलेल्या कर्जातले पैसे त्यात घातले होते, आणि एवढ्याशा प्रती संपायला काही वर्षं गेली. आज त्यातली एखादी जॅकेटसकट, म्हणजे वरच्या कागदी वेष्टणासकट, चांगली प्रत लिलावात आली तर मी फक्त चित्र बघते आणि पान बंद करते.

आर्कमच्या जुन्या पुस्तकांत शेवटच्या पानावर एक छोटा मजकूर असायचा. पुस्तक किती प्रतींचं, टाइप लायनोटाइप गॅरामंड, छपाई विस्कॉन्सिनमधल्याच मेनाशा गावच्या जॉर्ज बांटा कंपनीची, कागद विनेबेगो एगशेल, बांधणीचं कापड हॉलिस्टन ब्लॅक नोव्हेलेक्स. सगळी पुस्तकं अशा काळ्या कापडात. कुठल्या कापडाचा तागा वापरला हे वाचकाला सांगणारा प्रकाशक मला तोवर भेटला नव्हता. आमच्याकडे कवी लोक बिलावरसुद्धा जीएसएम, म्हणजे कागदाचं वजन, वाचत नाहीत.

माझ्याकडे त्यातलं एक आहे, १९४६ सालचं 'द हाउंड्स ऑफ टिंडालोस'. लेखक फ्रँक बेलनॅप लाँग, लवक्राफ्टचा मित्र. जॅकेट नाही, म्हणून परवडलं. जुन्या पुस्तकांच्या बाजारात कापडी पुस्तकापेक्षा त्याच्यावरचा चिटोरा कागद महाग असतो, हे एकदा पचवलं की बऱ्याच चांगल्या गोष्टी स्वस्तात मिळतात. सही नाही, क्रमांक नाही. तरी ते माझ्या कपाटातलं मानाचं पान आहे, कारण डर्लेथने १९७० मध्ये, मरणाच्या आदल्या वर्षी, संस्थेच्या तीस वर्षांच्या पुस्तकांची एक यादी छापली आणि तीत प्रत्येक पुस्तकाच्या प्रतींचा नेमका आकडा दिला. शेवटच्या पानावरचे आकडे गोल असत. यादीतले नाहीत. 'हाउंड्स' २,६०२. रे ब्रॅडबरीचं पहिलं पुस्तक 'डार्क कार्निव्हल', १९४७, ३,११२. छापखान्यातल्या माणसाला ते वरचे दोन आणि वरचे बारा बघून बरं वाटतं. मशीन कधीच गोल आकड्यावर थांबत नाही. गोल आकडा दिसला की समजावं, कोणीतरी कागदावर लिहिताना तो गोल केलाय.

यातलाच एक किस्सा फर्म्यांचा. लवक्राफ्टची 'द शन्ड हाउस' ही कथा पुस्तकरूपात १९२८ मध्येच डब्ल्यू. पॉल कुक या हौशी मुद्रकाने छापली होती. अडीच-तीनशे प्रतींचे फर्मे. छापून झाले, पण बांधणी झालीच नाही. फर्मे या घरातून त्या घरात फिरत राहिले, मूठभर प्रती एका तरुण चाहत्याने बांधल्या, लेखक वारला, आणि १९५९ ते १९६१ च्या दरम्यान आर्कम हाउसने उरलेले काही न बांधता आणि काही बांधून विकले. तीस वर्षं गठ्ठ्यात पडून राहिलेलं काम! आमच्या माळ्यावरही न उचललेल्या अहवालांचे गठ्ठे आहेत, पण त्यांची वाट कोणी बघत नाही. पुढे या पुस्तकाची बनावट आवृत्तीसुद्धा निघाली. नकली माल निघाला म्हणजे बाजार बसला असं समजायला हरकत नाही.

मग आलं ऐंशीचं दशक आणि अमेरिकेचा लोकप्रिय भयकथाकार स्टीफन किंग. या माणसामुळे हा छंद चाहत्यांच्या हातून निघून गुंतवणूकदारांच्या हाती गेला असं म्हणतात. त्यात त्याचा दोष कमी आणि गंमत जास्त आहे. 'द गनस्लिंगर' त्याने १९८२ मध्ये डॉनल्ड एम. ग्रँट या छोट्या प्रकाशकाला दिलं. साध्या प्रती दहा हजार, सही केलेल्या पाचशे. हे खास मंडळींपुरतं आहे असं समजून बहुतेकांना त्याचा पत्ताही नव्हता. पुढच्या वर्षी 'पेट सिमेटरी' आली, तिच्या सुरुवातीच्या पानावरच्या 'याच लेखकाची इतर पुस्तकं' या यादीत तेही नाव छापलं गेलं, आणि लाखो वाचकांना एकदम कळलं की आपण न वाचलेलं एक पुस्तक आहे आणि ते दुकानात मिळत नाही. पत्रांचा पाऊस पडला. १९८४ मध्ये आणखी दहा हजार प्रती छापाव्या लागल्या. यादीतली एक ओळ एवढं करू शकते, हे मी आमच्याकडे येणाऱ्या प्रत्येक लेखकाला सांगते आणि 'इतर पुस्तकं'चं पान छापायला लावते.

त्याच १९८४ साली किंगने 'द आइज ऑफ द ड्रॅगन' स्वतःच्याच फिल्ट्रम प्रेसमधून काढलं. १,२५० प्रती, त्यातल्या २५० स्वतःच्या माणसांना भेट द्यायला, त्यांचे क्रमांक लाल शाईत. उरलेल्या हजार १२० डॉलरला, आणि त्यासुद्धा सोडत काढून. मला यातली लाल शाई आवडते. भेटीच्या प्रती आहेत ना? मग त्या मोजा, वेगळ्या रंगात मोजा, लपवू नका.

आता शोभेच्या वस्तूंकडे येऊ, कारण फोटो त्यांचेच फिरतात. किंगच्याच 'फायरस्टार्टर'ची १९८० ची फँटेशिया प्रेसची आवृत्ती: ७२५ क्रमांकाच्या, शिवाय ए ते झेड अक्षरांच्या २६, आणि या सव्वीसांची बांधणी ॲल्युमिनियमचा थर दिलेल्या ॲस्बेस्टॉस कापडात. कथा आगीची, म्हणून पुस्तक न जळणारं. हे कापड ताणून पुठ्ठ्यावर बसवणाऱ्या बाइंडरच्या छातीत काय गेलं असेल, हा विचार संग्राहकांच्या गप्पांत येत नाही. माझ्या डोक्यात आधी तोच येतो. दुसरं, 'द स्टँड'ची १९९० ची मोठी आवृत्ती: चामड्याची बांधणी, किंग आणि चित्रकार बर्नी राइटसन दोघांच्या सह्या, १,२५० प्रती अधिक ५२ अक्षरी, आणि प्रत्येक प्रत काळ्या लाकडी पेटीत. संग्राहक तिला सरळ शवपेटीच म्हणतात. माझ्याकडे नाही. असती तर ती ठेवायची कुठे यावरून घरात वाद झाला असता, सासूबाई अजून आहेत.

या सगळ्यांत मला मनापासून हसू येतं ते 'द रेग्युलेटर्स'च्या १९९६ च्या मर्यादित आवृत्तीचं. पुस्तक रिचर्ड बॅकमनच्या नावावर. बॅकमन म्हणजे किंगचंच टोपणनाव, आणि ते फुटल्यावर किंगने १९८५ मध्ये त्याला 'टोपणनावाच्या कर्करोगाने' मारून टाकलेलं. मग मेलेल्या माणसाची सही आणायची कुठून? तर प्रत्येक प्रतीत बॅकमनने हयातीत फाडलेला म्हणून एकेक चेक! नसलेल्या माणसाची, नसलेल्या खात्यावरची, पण हिशेबात बसणारी सही. भयकथेचा प्रकाशकच असलं करू जाणे.

सहीच्या खरेपणाबद्दल मात्र भोळेपणा नको. २०२२ मध्ये गायक बॉब डिलनच्या एका पुस्तकाच्या ९०० प्रती 'हाताने सही केलेल्या' म्हणून प्रत्येकी ५९९ डॉलरला विकल्या गेल्या, आणि चाहत्यांनी एकमेकांच्या प्रतींचे फोटो एकावर एक ठेवल्यावर सह्या तंतोतंत जुळल्या. मशीनने केलेल्या. प्रकाशकाला पैसे परत करावे लागले. ते भयकथेचं पुस्तक नव्हे, पण तपासायची रीत तीच. माणसाच्या हाताची सही दरवेळी थोडी हलते, वेगात शेवटचं अक्षर खाल्लं जातं, दाब कमीजास्त होतो. मशीनच्या सहीत रेघ सुरुवातीपासून शेवटपर्यंत एकाच जाडीची, टोकाला कधीकधी पेन टेकल्याचा ठिपका. भिंग घ्या. भिंग छापखान्यात असतंच, रंग जुळवायला. तेच चालतं.

आणि सही कोरी हवी की 'अमक्यास सप्रेम' अशी? बाजार कोरीला जास्त भाव देतो, कारण ती पुढे विकायला सोपी. मला दुसरी आवडते. कोणा अनोळखी माणसाला 'दिवा चालू ठेवून वाच' असं लिहून दिलेली प्रत स्वस्तात मिळत असेल तर मी कोऱ्या सहीकडे बघतही नाही. शिवाय ती सही डकवलेल्या कागदावर नसते. लेखकाने तीच प्रत हातात धरलेली असते.

मी खरे पैसे कुठे घालते ते सांगते. इंग्लंडमध्ये यॉर्कशरात टार्टारस प्रेस म्हणून एक नवराबायको चालवतात. १९९० पासून. तीनशे-साडेतीनशे प्रती, शिवलेले फर्मे, फिकट साय रंगाचं जॅकेट, वाचनखुणेला रेशमी फीत. पेटी नाही, चामडं नाही, सही बहुतेकदा नाहीच. पुस्तक टेबलावर ठेवून मधोमध उघडलं तर उघडंच राहतं. भारी किमतीच्या कित्येक पुस्तकांना हे जमत नाही, दोन्ही हातांनी दाबून धरावी लागतात. अँड्र्यू मायकेल हर्लीची 'द लोनी' ही कादंबरी यांनीच २०१४ मध्ये पहिल्यांदा काढली, फक्त ३०० प्रती. दुसऱ्या वर्षी मोठ्या प्रकाशकाने उचलली आणि तिला ब्रिटनमधलं कोस्टाचं पहिल्या कादंबरीचं पारितोषिक मिळालं. ती तीनशेतली प्रत माझ्याकडे नाही. जिच्याकडे आहे ती बाई विकत नाही, आणि मी तिच्या जागी असते तर मीही विकली नसती.

दुसरं एक नाव रॅम्से कॅम्पबेल. लिव्हरपूलचा मुलगा, लवक्राफ्टच्या नादाने मॅसॅच्युसेट्समधल्या, कधी न पाहिलेल्या गावांच्या कथा लिहून डर्लेथला पाठवायचा. डर्लेथने त्याला सांगितलं, बाबा, तुझ्या इंग्लंडात घडव. त्याने गावं बदलली, आणि १९६४ मध्ये, अठराव्या वर्षी, आर्कम हाउसने त्याचा संग्रह काढला. पीएस पब्लिशिंगने २०११ मध्ये तो पुन्हा काढला तेव्हा डर्लेथची पत्रं आणि कथांचे कच्चे खर्डेही त्यात घातले. असं काही असेल तर मर्यादित आवृत्तीला अर्थ आहे. पैसे देऊन जास्त वाचायला मिळालं. नुसतं जास्त चामडं मिळालं तर ते पुस्तक नव्हे, पर्स.

आता आपल्याकडची अडचण. पाऊस. ही पुस्तकं बनवणारे लोक कोरड्या हवेत राहतात, त्यांच्या पेट्या इतक्या घट्ट बसतात की झाकण काढताना हवा फुस्स करते. जुलैत कोल्हापुरात तीच पेटी पुस्तकाची वैरीण होते. कागद पाणी ओढतो, आत कोंडलेली दमट हवा बाहेर पडत नाही, चामड्यावर पांढरी बुरशी येते आणि पानांच्या कडांना तांबूस ठिपके. म्हणून मृगापासून दसऱ्यापर्यंत माझी पुस्तकं पेटीबाहेर असतात, उभी, एकमेकांना न चिकटता, लोखंडी कपाटात. खाली सिलिका जेलच्या पुरचुंड्या. दाणे निळ्याचे गुलाबी झाले की काढायचे, तापवून पुन्हा निळे करायचे. जॅकेटांना पारदर्शक मायलरचं आवरण, चिकटपट्टी कुठेही नाही. डांबराच्या गोळ्या मी टाकत नाही, वास कायमचा बसतो. कसर लागू नये म्हणून महिन्यातून एकदा प्रत्येक पुस्तक काढून पानं वाऱ्यावर धरायची. या निमित्ताने रिकाम्या पेट्या माळ्यावर ओळीने मांडलेल्या असतात आणि घरी येणाऱ्याला नको ते वाटतं.

आणण्याचीही कटकट. २०१९ च्या अर्थसंकल्पापासून आयात पुस्तकांवर पाच टक्के सीमाशुल्क आहे, पण खरा मार बसतो टपालखर्चाचा. ही पुस्तकं जड असतात. म्हणून जमेल तेव्हा भाच्याच्या बॅगेतून. "आत्या, तुझ्या एका पुस्तकात माझे चार शर्ट जातात," असं म्हणत तो आणतो. त्याला ती भीतीदायक वाटत नाहीत, वजनकाटा वाटतो.

मराठीत हे का नाही, असं मला विचारतात. आमच्या पिढीने भयकथा वाचल्या त्या गल्लीतल्या लायब्ररीतून, नारायण धारप आणि रत्नाकर मतकरी. रेक्झिनची बांधणी, कण्यावर पांढऱ्या रंगाने टाकलेला नंबर, मागे तारखांचा कागद, आणि नेमक्या रंगात आलेल्या ठिकाणी कोणीतरी पेन्सिलीने लिहिलेलं 'पुढे भूत आहे'. 'लुचाई' मी अशीच वाचली, पांघरुणात. पुष्कळ वर्षांनी किंगची 'सेलम्स लॉट' हातात आली तेव्हा गाव आधीच ओळखीचं होतं. त्या पुस्तकांच्या जपलेल्या प्रती उरल्या नाहीत कारण ती इतकी वाचली गेली. पहिल्या आवृत्तीची जॅकेटसकट प्रत दाखवा म्हटलं तर भलेभले जुने पुस्तकवाले मान हलवतात. धारप २००८ मध्ये गेले, मतकरी २०२० मध्ये. त्यांच्या सह्या असतील तर कोणाच्या तरी घरात, 'चि. अमुकला' अशा.

तर सध्याचं काम. गडहिंग्लजकडचे एक मास्तर आहेत, आंबोली घाटाच्या परिसरातल्या कथा लिहितात. चांगल्या लिहितात. घाबरवायची घाई नाही त्यांना. माझ्या कपाटाबद्दल कोणीतरी सांगितलं म्हणून आले आणि म्हणाले, ताई, आपणही सही केलेली आवृत्ती काढू. किती प्रती? एकशे एक्कावन्न. भुताच्या पुस्तकालाही आकडा शुभच हवा!

अकरा फर्मे, १७६ पानं, नॅचरल शेडचा कागद, शिलाई काका हाताने करणार. सही कुठे हा माझा आवडता प्रश्न आला तेव्हा काकांनी तो एका वाक्यात सोडवला: "डकवायचं कशाला? पयला फर्मा घडी घालायच्या आदी मास्तरांस्नी हितं बसवा." म्हणजे छापलेला पूर्ण ताव टेबलावर पसरायचा, त्यातल्या एका चौकोनात मास्तर सही करणार, शाई वाळली की घडी, मग शिलाई. पान पुस्तकाचंच राहील, नख फिरवलं तरी काही लागणार नाही. मास्तरांनी घरून शाईपेन आणायचं कबूल केलं. वाया जाणारे ताव धरून मी एकशे सत्तर छापणार आहे, आणि बिघडलेले ताव त्यांच्यासमोर फाडणार आहे, हेही सांगून ठेवलं.

गाडी अडली ती पुढे. मास्तरांना वर आणखी पंचवीस प्रती हव्यात, बिनक्रमांकाच्या, मेव्हण्यांना आणि शाळेत द्यायला. मी म्हटलं, घ्या, पण त्यावरही आकडा पडेल, रोमन, आणि हिशेबाच्या ओळीत छापून येईल की क्रमांकाच्या १५१ आणि भेटीच्या २५. वाया जाणारे धरून दोनशेच्या आसपास ताव काढू. ते म्हणाले, मेव्हण्याला नंबरवाली प्रत दिली तर त्याला वाटेल किंमत विचारायला हवी. मी म्हटलं, विचारू दे. त्यावर ते हसले, बायकोशी बोलून सांगतो म्हणाले. अजून फोन नाही. कागद गुरुवारी येतोय.